आमचा म्हातारा चीनला गेला तेव्हा

सरांशी बोलताना तीन विषय टाळायचे, असं मी नव्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवत असे: परीक्षा, गृहपाठ आणि चीन. पहिल्या दोन विषयांवरून ते तिसऱ्यावर येत, आणि तिसऱ्यावरून परत येत नसत.

आमची शाळा अल नहदाला होती. दुबईचं टोक, रस्ता ओलांडला की शारजा. भारतीय बोर्डाची, मध्यम फीची, एका मजल्यावर आठ वर्ग असलेली शाळा. मी तिथे को-ऑर्डिनेटर होते. वेळापत्रक, बदली तास, पेपर, बसचे मार्ग आणि पालकांच्या तक्रारी माझ्या टेबलावरून पुढे जात. सर नववी-दहावीला सोशल सायन्स शिकवायचे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या त्यांच्या असत, म्हणून त्यांना मी इतर कुणाहीपेक्षा जास्त ओळखत होते.

उंच, किडकिडे, कानांवर केस. ऑगस्टच्या उन्हात ते पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून शाळेत येत. शाळेतला एसी हा माणसाला झोपवण्यासाठी असतो, असं त्यांचं मत होतं, आणि झोप लागू नये म्हणून स्वेटर. मी एकदा म्हटलं, "सर, स्वेटरमध्ये तर जास्त झोप येते." त्यावर त्यांनी हात वर केला. "मधे बोलू नका, बाई. आधी ऐका."

हा त्यांचा विरोधाभास त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला पहिल्याच भेटीत सांगून टाकला होता. मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "वर्गात प्रश्न विचारायची सक्ती, घरात बंदी. मी तीस वर्षं घरातच आहे, बाई, माझा नंबर अजून लागलेला नाही."

चीनचं प्रकरण असं. सरांनी तरुणपणी कोल्हापूरला पीएच.डी.ला नाव घातलं होतं. ती पुरी झाली नाही, पण विषय अंगात राहिला. शंभर वर्षांपूर्वी एक पाश्चात्त्य तत्त्वज्ञ काही महिन्यांसाठी म्हणून चीनला गेला आणि दोनेक वर्षं राहिला. तेव्हा चीनमध्ये जुन्या परीक्षा मोडीत निघाल्या होत्या, आणि नव्या शाळा कशा असाव्यात यावर देशभर वाद चालला होता. लोक या पाहुण्याला जागोजाग बोलावून विचारत, तुमच्याकडची उत्तम शाळा कशी असते ते सांगा, आम्ही तशीच्या तशी उभी करतो. सरांच्या मते त्याचं सांगणं उलट होतं. आमची तयार शाळा उचलून नेऊ नका. आम्ही ज्या रीतीने शोधतो ती रीत घ्या आणि तुमच्या मातीत तुमचं काय उगवतं ते पाहा. सुधारणा वरून खाली हुकूम काढून होत नसते, ती एकेका वर्गात होते, आणि तिला वेळ लागतो. चीनला तेवढा वेळ नव्हता. घाई झाली होती.

"घाई झाली त्यांना, बाई," सर हळहळत म्हणायचे, जणू गेल्या आठवड्यात शेजारच्या इमारतीत घडलं होतं.

या तत्त्वज्ञाला ते "आमचा म्हातारा" म्हणत. आमचा म्हातारा चीनला गेला तेव्हा असं झालं, आमच्या म्हाताऱ्याने चीनमध्ये तसं पाहिलं. केरळच्या एका नव्या बाईंनी दोन महिने हे ऐकलं आणि एके दिवशी काळजीने विचारलं, "सर, युवर फादर इज स्टिल इन चायना?" स्टाफरूममध्ये हसू दाबताना आमचे डोळे भरले. सर हसले नाहीत. त्यांनी त्या बाईंना अर्धा तास समोर बसवून म्हातारा कोण ते सांगितलं. त्या बाईंचा तास बदली म्हणून मला घ्यावा लागला.

सरांनी तपासलेल्या पेपरांवर गुण नसत. हिरव्या शाईत प्रत्येक उत्तराखाली एकेक प्रश्न असे. "हे तुला कुणी सांगितलं?" "मग याच्या उलट का नाही?" पालक ते पेपर माझ्या टेबलावर आपटत. मग मी सरांना माझ्या खोलीत बसवून गुण काढून घ्यायची.

"दहापैकी किती, सर?"

"दहापैकी कशाला? हिला अजून पुढचा प्रश्नच सुचलेला नाही."

"सात लिहू?"

"लिहा काय ते."

"तुम्ही लिहा. सही तुमची लागते."

ते तोंड वाकडं करून सात लिहीत. अख्खा गठ्ठा असा संपायचा.

वर्गात त्यांची एक रीत होती, आणि पुढचं सगळं त्या रीतीमुळे घडलं. तास सुरू झाला की ते फळ्याकडे जात नसत. शेवटच्या बाकामागे एक खुर्ची ठेवलेली होती, तिच्यावर जाऊन बसत आणि गप्प राहत. धडा मुलांनी घरी वाचून यायचा. कुणीतरी प्रश्न विचारेपर्यंत तास सुरू होत नसे. आणि प्रश्न खरा असावा लागे. सरांना खूश करायला, हजेरी लावायला किंवा पुस्तकातून उचलून विचारलेला प्रश्न ते एका शब्दात परत पाठवत: "परत." मुलगा बसायचा, विचार करायचा, पुन्हा उठायचा. खरा प्रश्न आला की मात्र सर उडी मारल्यासारखे उठत आणि घंटा झाली तरी थांबत नसत. प्रश्न खरा की खोटा हे त्यांना कसं कळतं, असं मी विचारलं होतं. "ऐकून कळतं," ते म्हणाले. त्यांना ते खरोखर कळत होतं, हे मी नाकारणार नाही. फार थोड्या वेळा चुकले.

नववीत लिन नावाची एक चिनी मुलगी होती. भारतीय शाळेत चिनी मुलगी कशी, असं सगळे विचारायचे. तिच्या आईचं इंटरनॅशनल सिटीजवळच्या चिनी मालाच्या बाजारात दिव्यांचं दुकान होतं, आणि तिने ऐकलं होतं की भारतीय शाळांत गृहपाठ भरपूर देतात. एवढ्यासाठी तिने आमची शाळा निवडली होती. आणि मुलगी पडली सरांच्या वर्गात.

आई तक्रार घेऊन आली तेव्हा मी सरांना बोलावलं. आईला इंग्रजी जेमतेम येत होतं, लिन दुभाषी झाली. आईचं म्हणणं सरळ होतं: गृहपाठ नाही, पाठांतर नाही, चाचणी नाही, मग मी फी कशाची भरते? सरांचा चेहरा उजळला. चीनमधलं माणूस समोर आलं होतं. त्यांनी म्हाताऱ्याची सगळी हकिगत सांगायला घेतली, चीनने काय करायला हवं होतं, कुठे घाई झाली, पाठांतराने काय नासलं. लिन थोडं थोडं भाषांतर करत होती. आई शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने एक वाक्य विचारलं.

लिन म्हणाली, "सर, आई विचारते, तो माणूस चीनमध्ये किती दिवस होता?"

"दोन वर्षं. थोडी जास्तच."

लिनने ते सांगितलं. आई काहीतरी बोलली. लिन घुटमळली.

"सांग, सांग," सर म्हणाले.

"आई म्हणते, मी तिथे जन्मापासून होते. मला कुणी विचारलं नाही."

मी खाली पाहिलं. सर म्हणाले, "हा खरा प्रश्न आहे." आई म्हणाली, हा प्रश्न नाही, तक्रार आहे. हेही लिननेच भाषांतर केलं, आणि ते करताना तिच्या तोंडावर पहिल्यांदा हसू दिसलं. त्या दिवसापासून ती त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसू लागली. गृहपाठ मात्र आईच तिला घरी देत असे. सगळे धडे तोंडपाठ करून घेई.

त्या वर्षी दोन गोष्टी एकत्र आल्या. सरांची साठी आणि शाळेची सरकारी तपासणी.

साठी झाल्यावर सरांचा व्हिसा पुढे न्यायचा की नाही, हे शाळेच्या हातात होतं. शाळेने कागद पाठवले नाहीत तर डिसेंबरअखेर व्हिसा संपणार होता, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या बायको-मुलीचाही. मुलगी मुक्ता आमच्याच शाळेत बारावीला होती. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे परीक्षेच्या तोंडावर तिला शाळा सोडून भारतात जावं लागलं असतं, आणि त्या वेळी तिथे कुणी तिला दारात उभं केलं नसतं. वर्ष गेलं असतं.

मी चेअरमनसमोर फाइल ठेवली. चेअरमन मूळचे राजकोटचे, टाइल्सच्या धंद्यातून शाळेच्या धंद्यात आलेले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्ट चौरस फुटात मोजायची सवय होती.

"मॅडम, इन्स्पेक्शन होने दो. उनका क्लास अच्छा गया, तो रिन्यू. नहीं गया, तो खलास. सिंपल."

"सर, उनकी बेटी का बोर्ड है."

"इसीलिए तो बोल रहा हूँ. उनको भी पता होना चाहिए."

तपासणीवर शाळेचा दर्जा ठरायचा आणि दर्जावर फी वाढवता येणार की नाही ते. तपासनीस वर्गात येऊन पाहतात की मुलं स्वतःहून प्रश्न विचारतात का. हे चेअरमनना कुठून तरी कळलं, आणि त्यांनी फर्मान काढलं: प्रत्येक वर्गात प्रत्येक धड्याचे पाच प्रश्न तयार ठेवा, कोण विचारणार ती मुलंही ठरवा. मी ते केलं. प्रश्न शिक्षकांकडून घेतले, सरांच्या वर्गाचे स्वतः काढले, सगळे चिठ्ठ्यांवर उतरवून मुलांची नावं लावली, कुणी गैरहजर राहिलं तर त्याच्या जागी दुसरं कोण तेही ठरवलं. दोन वेळा सराव घेतला. शाळा चालवायची तर हे करावं लागतं, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं.

सरांनी त्यांच्या वर्गाच्या चिठ्ठ्या मला परत आणून दिल्या.

"हुकूम काढून मुलांना स्वतंत्र विचार करायला लावणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, बाई."

"सर, वीस मिनिटांचा प्रश्न आहे. पाच मुलं उठतील, विचारतील, बसतील."

"आणि एकविसाव्या मिनिटाला मी त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने बघू?"

"मुक्ताकडे कोणत्या तोंडाने बघणार आहात?"

हे मी मुद्दाम म्हटलं. ते निघून गेले.

तपासणीच्या आधीच्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. शारजाला, दुसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. संध्याकाळची मगरिबची अजान नुकतीच संपली होती. वहिनींनी पोहे केले होते. मुक्ता जेवणाच्या टेबलावर केमिस्ट्री पसरून बसली होती. सर बाल्कनीच्या दाराशी उभे.

मी माझं म्हणणं पुन्हा एकदा नीट मांडलं. व्हिसा कधी संपतो, बोर्ड कधी, तपासनीस कोणत्या तासाला येण्याची शक्यता आहे. सरांनी या वेळी मला मधे थांबवलं नाही.

वहिनी म्हणाल्या, "बाई एवढ्या लांबून आल्यात. हो म्हणा की."

"हो म्हणणं सोपं आहे."

"मग म्हणा ना सोपं! तुमचा म्हातारा निदान बोटीत बसून घरी गेला. आपल्याला कुठलं घर आहे? गावाकडचं भाड्याने दिलंय ते?"

"तू मधे बोलू नको."

"बोलणार. आज बोलणार. पोरीचं वर्ष आहे हे."

मुक्ताने पेन खाली ठेवलं. ती घरात आईवडिलांशी मराठी बोलायची, पण चिडली की इंग्रजीत जायची. "बाबा, आय जस्ट वाँट टु फिनिश ट्वेल्थ हिअर. दॅट्स इट. आय ॲम नॉट आस्किंग यू टु चेंज चायना."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग बाल्कनीत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. मी पोहे संपवून निघाले. त्यांचं उत्तर मला मिळालं नव्हतं.

मुक्ता मात्र गप्प बसली नाही, हे मला नंतर कळलं. तिने शाळेच्या बसमध्ये नववीतल्या एका मुलीला सगळं सांगितलं होतं. ते वर्गभर झालं.

बुधवारी तिसऱ्या तासाला तपासनीस नववीत शिरल्या. न्यूझीलंडच्या बाई, पन्नाशीच्या, हातात टॅबलेट. मी त्यांच्याबरोबर होते. त्यांना बसायला मागे खुर्ची शोधत होते, तर मागच्या एकुलत्या एका खुर्चीवर सर बसलेले. त्यांनी उठून ती बाईंना दिली आणि स्वतः खिडकीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. गप्प. मी दाराशी थांबले.

वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं, ते मी मराठीत सांगते. धडा होता माणूस हे देशाचं साधन कसं असतं, याचा. अर्धं मिनिट गेलं. मग एक मुलगा उठला.

"सर, गृहिणी दिवसभर काम करते. तिचं काम देशाच्या उत्पन्नात का धरत नाहीत?"

मी सुटकेचा श्वास सोडणार होते. मग माझ्या लक्षात आलं, हा माझ्या चिठ्ठ्यांतला प्रश्न नाही. माझ्या चिठ्ठ्या तर सरांनी परत केल्या होत्या.

सरांनी त्या मुलाकडे बराच वेळ पाहिलं.

"परत," ते म्हणाले.

मुलगा बसला. त्याचे कान लाल झाले होते. दुसऱ्या रांगेतून एक मुलगी उठली. "सर, माणसाला साधन म्हणणं हेच मुळात बरोबर आहे का?"

उत्तम प्रश्न. तपासनीस बाईंनी मान हलवून काहीतरी टिपलं.

"परत."

बाईंची बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहत होते आणि मनातल्या मनात त्यांना ओरडून सांगत होते, हो म्हणा, एवढंच म्हणा, चांगला प्रश्न आहे. तिसरा मुलगा उठला. "सर, शिकलेला माणूस बेकार राहतो तेव्हा चूक त्याची, शिक्षणाची की देशाची?"

"परत," सर म्हणाले. या वेळी आवाज चढला होता. "कुणी शिकवलं हे? कालपर्यंत तुम्ही असं बोलत नव्हता. पाठ करून आला आहात सगळे."

कुणी हललं नाही. तपासनीस बाईंनी घड्याळ पाहिलं. या माणसाने स्वतःच्या हाताने सगळं मोडलं होतं, आणि तेही योग्यच असल्याच्या थाटात.

तेव्हा लिन उठली. पहिल्या बाकावरून तिला सरांकडे बघायला पूर्ण मागे वळावं लागलं. ती इंग्रजी हळू बोलायची, एकेक शब्द ठेवल्यासारखी.

"सर, हे प्रश्न आम्हीच तयार केले. शाळेने दिले नाहीत. दोन दिवस आम्ही ते पाठ केले, कारण तुम्ही इथे राहावं असं आम्हाला वाटतं. मग ते खोटे कसे?"

सरांचं तोंड "परत" म्हणायला उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे म्हातारा होता, चीन होता, हात वर करून समोरच्याला थांबवणं होतं. त्या दिवशी त्यांनी हात वर केला नाही. ते लिनकडे पाहत होते, आणि मग एकेका मुलाकडे, ज्यांना त्यांनी परत बसवलं होतं त्यांच्याकडे.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

लिन उभीच होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"मला खरंच माहीत नाही," ते पुन्हा म्हणाले. त्यानंतर त्या वर्गात काहीच घडलं नाही. तपासनीस बाईंची वेळ संपली. त्या उठल्या आणि पावलांचा आवाज न करता बाहेर आल्या.

कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला विचारलं, "हे नेहमी असंच चालतं?"

"नाही," मी म्हटलं. "एरवी ते खूप बोलतात."

संध्याकाळी चेअरमननी मला बोलावलं. तपासनिसांच्या निरोपाच्या बैठकीत हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"मॅडम, टीचर ने बोला 'आय डोन्ट नो'? इन्स्पेक्टर के सामने? क्लास में?"

"हाँ सर."

"मैं पगार देता हूँ कि वो बोले पता नहीं? अरे, पता नहीं तो मुझे भी है, मैं मुफ़्त में बोल दूँगा. खलास. डिसेंबर तक हिसाब कर दो."

मी तयारीने गेले होते. तपासनिसांना काय वाटलं, सर किती मोठे शिक्षक, यातलं काही मी बोलले नाही. त्याने काही झालं नसतं. मी एवढंच मांडलं की नवा शिक्षक भारतातून आणायचा तर मंजुरी, व्हिसा आणि मेडिकल होऊन तो वर्गात उभा राहीपर्यंत मार्च उजाडेल. दहावीचं बोर्ड तोंडावर आहे. दहावीचा निकाल पडला तर पुढल्या वर्षीच्या प्रवेशांचं काय?

"मार्च तक रखिए, सर. उसके बाद आपकी मर्ज़ी."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ठीक है. लेकिन मेरी शर्त पे. बोर्ड पे नोट्स. बच्चे लिखेंगे, याद करेंगे, हर हफ़्ते टेस्ट. वो पीछे वाली कुर्सी आज ही उठवाओ. मैं रोज़ राउंड पे आऊँगा. एक दिन भी उनका वो गूँगा-बहरा क्लास देखा, उसी दिन कैंसल. यल्ला, चलो."

सर लायब्ररीत होते. मी त्यांना सांगितलं. वाद होईल म्हणून मी मुद्दे जमवूनच आले होते. ते विचारतील, मी हे सांगेन, मग ते म्हाताऱ्यावर जातील, मी मुक्तावर आणीन.

त्यांनी स्वेटरची बाही ओढली. "मार्च म्हणजे, मुक्ताचा शेवटचा पेपर होईपर्यंत?"

"हो. त्यानंतरही थोडे दिवस राहतात."

"बरं," ते म्हणाले. "नोट्स कुठल्या द्यायच्या?"

मी आधीच्या बाईंच्या नववी-दहावीच्या नोट्स काढून ठेवल्या होत्या, त्या त्यांना दिल्या. एक: व्याख्या. दोन: वैशिष्ट्ये. तीन: पाच ओळींत उत्तर. त्यांनी त्या उभ्या उभ्या वाचल्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि बॅगेत घातल्या. त्यांच्यावर हिरव्या शाईत काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला मी नववीच्या दाराशी उभी राहिले. चेअरमन त्या मजल्यावर फेरीला येणार होते. मला आधी पाहून घ्यायचं होतं.

सर आत शिरले आणि सरळ फळ्याकडे गेले. मागची खुर्ची तिथे नव्हती, हे मुलांनी आधीच पाहिलं असणार. त्यांनी खडू घेतला. धड्याचं नाव लिहिलं, खाली रेघ मारली, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला लागले. सुंदर, गोल अक्षर होतं त्यांचं. इतक्या वर्षांत मी ते फळ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

उत्तर पूर्ण झाल्यावर ते वळले. एकाही मुलाने वही उघडलेली नव्हती. सगळे हात बाकावर ठेवून बसले होते.

"उतरवून घ्या," सर म्हणाले.

"सर, आज प्रश्न नाहीत?" काल पहिल्यांदा उठलेला मुलगा म्हणाला.

"आज नाहीत."

"मग उद्या?"

"उतरवून घ्या."

कुणी हललं नाही. इतके महिने त्यांनी या मुलांना एकच गोष्ट शिकवली होती, की कुणी सांगितलं म्हणून काही करायचं नाही, आणि आता ती मुलं तेच करत होती. कॉरिडॉरच्या टोकाला जिन्याचं दार वाजलं. चेअरमनच्या बुटांचा आवाज मला ओळखू येत होता. सहावी, सातवी, आठवी. आता नववीच उरली होती. मी दाराच्या काचेतून सरांकडे पाहिलं. त्यांनाही तो आवाज ऐकू येत होता.

त्यांनी खडू खाली ठेवला. हात स्वेटरला पुसले.

"लिहा," ते म्हणाले. "मला राहायचंय."

लिनने वही उघडली. मग तिच्या शेजारच्या मुलीने. मग पानं उलटल्याचा आवाज अख्ख्या वर्गातून आला.

चेअरमन माझ्या बाजूला येऊन थांबले. त्यांनी काचेतून आत नजर टाकली. सगळ्या माना खाली, सगळे हात चालू.

"देखा मॅडम?" ते खूश होऊन म्हणाले. "थोड़ा टाइट किया, तो हो गया ना."

आत सर फळ्याकडे वळले आणि दुसरं उत्तर लिहू लागले. सावकाश लिहीत होते, मागे कुणी राहू नये म्हणून.